कागद आधी, इंजेक्शन नंतर: नाशिकमध्ये ट्रान्झिशन करताना

ट्रान्झिशन, म्हणजे जन्माच्या वेळी लिहिलेलं लिंग सोडून आपल्या खऱ्या लिंगओळखीने जगायला लागणं. ते करायचं पक्कं झालं की डोक्यात पहिल्यांदा औषधंच येतात. इंजेक्शन कधी सुरू होईल, आवाज कधी बदलेल, सर्जरीला किती खर्च येईल. सिडको, सातपूर, पंचवटी, देवळाली कॅम्प, कुठूनही कुणी बोलायला आलं तरी सुरुवात बहुतेक याच प्रश्नांनी होते. माझं सांगणं ठरलेलं आहे: घाई करायचीच असेल तर कागदांची करा, औषधांची नको. कागदांना वेळ लागतो, पण पैसे फारसे लागत नाहीत आणि चूक झाली तर दुरुस्त करता येते. मैत्रिणीच्या डोसवर, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्यांचं तसं नाही. त्यांनी केलेलं नुकसान कधीकधी कायमचं असतं.

पुढचं सगळं अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे. वय त्याहून कमी असेल तर समुपदेशकाशी बोला, विश्वासातल्या एका शिक्षकाला सांगा. हार्मोन स्वतःहून अजिबात घेऊ नका. घरात मारहाण होत असेल तर १०९८ या चाइल्डलाइनवर फोन करा.

एक फाईल, एक माणूस

पहिल्या आठवड्यात दोनच कामं करा. एक जाड प्लास्टिकची फाईल घ्या. तिच्यात आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची मार्कशीट, जन्मदाखला आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत ठेवा. प्रत्येकाचा फोटो काढून ईमेलवरही टाकून ठेवा. घरात कडाक्याचं भांडण झालं की कागद लपवले जातात, फाडलेही जातात, म्हणून हे आधी. आधारला जोडलेला मोबाइल नंबर तुमच्याच हातातला आहे ना, तेही बघा. तो वडिलांचा किंवा भावाचा असेल तर प्रत्येक ओटीपी त्यांच्याकडे जाईल आणि तुम्ही सांगण्याआधीच घरात कळेल.

दुसरं काम, एक माणूस. ज्याला सगळं माहीत आहे, जो दवाखान्यात सोबत येईल आणि ज्याचा नंबर फॉर्मवर 'तातडीचा संपर्क' म्हणून लिहिता येईल, असा. घरचाच हवा असं काही नाही.

मानसोपचारतज्ज्ञाकडे कशासाठी?

बरेच जण इथेच अडतात. 'मी वेडा नाही, मग सायकिअ‍ॅट्रिस्ट कशाला?' वेडे तुम्ही नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत ट्रान्स असणं मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढलेलं आहे आणि ती यादी २०२२ पासून लागू आहे. तज्ज्ञाकडे जायची कारणं व्यवहाराची आहेत. हार्मोन सुरू करणारे डॉक्टर सहसा त्यांचं पत्र मागतात, सर्जन तर मागतातच, आणि बरेच सर्जन दोन वेगवेगळ्या तज्ज्ञांची पत्रं मागतात. शिवाय सोबत नैराश्य असेल, झोप उडाली असेल, दारू वाढली असेल, तर त्यावर इलाज सुरू होतो. तो झाला की ट्रान्झिशनचा ताणही सोसवतो.

त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढून जाता येतं. शरीर आणि लिंगओळख जुळत नसल्याच्या त्रासाला डॉक्टर जेंडर डिस्फोरिया म्हणतात. खाजगीत जायचं तर अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारा: 'डॉक्टर जेंडर डिस्फोरियाच्या केस बघतात का, आणि पत्र देतात का?' नाही म्हणाले तर फी वाचली.

'लग्न करून टाका, सगळं सुरळीत होईल' किंवा 'गोळ्यांनी हे विचार जातील' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. अशा 'बरं करण्याच्या' उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. घरच्यांनी कुणाकडे नेलं, त्याने शॉक किंवा औषधांची भाषा केली, तर चिठ्ठी जपून ठेवा. तक्रारीला ती लागेल.

रात्री-अपरात्री मन फार खचलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. मराठीत बोलता येतं.

टीजी सर्टिफिकेट

सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालाने आपली लिंगओळख आपण सांगायची हा हक्क मान्य केला. पुढे २०१९ चा कायदा आणि २०२० चे नियम आले. त्यानुसार जिल्हाधिकारी ट्रान्सजेंडर असल्याचं ओळखीचं प्रमाणपत्र (टीजी सर्टिफिकेट) आणि ओळखपत्र (टीजी कार्ड) देतात. अर्ज केंद्राच्या 'नॅशनल पोर्टल फॉर ट्रान्सजेंडर पर्सन्स'वर ऑनलाइन भरायचा. फोटो, सही, आधारसारखा ओळखीचा पुरावा आणि ठरावीक नमुन्यातलं शपथपत्र लागतं. २०२० च्या नियमांत या पहिल्या प्रमाणपत्रासाठी शारीरिक तपासणीची अट ठेवलेली नव्हती. तीस दिवसांची मुदत होती, आणि अर्ज नाकारला तर कारण कळवायचं व नव्वद दिवसांत अपील करता येईल, अशीही तरतूद होती. हा कायदा आणि नियम बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टलवरच्या सूचना पुन्हा वाचा. वैद्यकीय कागद मागितलेला दिसला तर तज्ज्ञाचं पत्र फाईलमध्ये तयार असल्याचा उपयोग होईल.

अर्ज पुढे सरकत नसेल तर पोर्टलवरच्या अर्ज क्रमांकाची प्रिंट घेऊन सीबीएसजवळच्या कलेक्टर ऑफिसात जा. नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनातल्या समाजकल्याण कार्यालयातही विचारा. तोंडी उत्तरावर परत फिरू नका. साध्या कागदावर दोन ओळींचं स्मरणपत्र लिहा, आवक-जावकच्या टेबलावर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. शिक्क्याच्या प्रतीने कामं हलतात, हा माझा अनुभव आहे.

पहिल्या प्रमाणपत्रावर 'ट्रान्सजेंडर' असं लिहून येतं. 'स्त्री' किंवा 'पुरुष' असं हवं असेल तर कायद्याच्या सातव्या कलमाखाली शस्त्रक्रियेनंतर दुसरा अर्ज करावा लागतो. त्याला रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचं किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र जोडतात. सर्जरीनंतर डिस्चार्ज घेतानाच ते मागून घ्या. नंतर त्यासाठी पुन्हा मुंबई-पुण्याची खेप पडते.

नावाचं स्पेलिंग

इथे थोडं थांबते, कारण लोकांचे सगळ्यात जास्त महिने इथेच जातात. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. मधे वडिलांचं नाव असतं, आणि घरच्यांशी तुटलं असेल तर ते ठेवायचं की नाही हा मोठा प्रश्न होतो. सिडकोतल्या एका मुलीने शपथपत्रावर नाव लिहिलं 'आरोही', पण इंग्रजीत सुरुवातीला दोनदा 'ए' घातला. टीजी सर्टिफिकेटच्या अर्जात एकच पडला. आधार केंद्रात दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि अर्ज तिथेच अडकला. एका अक्षरासाठी पुन्हा नोटरी, पुन्हा अर्ज, पुन्हा वाट.

म्हणून अर्ज उघडण्याआधी एका कागदावर पूर्ण नाव मराठीत आणि इंग्रजीत लिहा. मधलं नाव, आडनाव, क्रम, स्पेलिंग सगळं ठरवा आणि तो कागद फाईलच्या पहिल्या पानावर लावा. पुढचा प्रत्येक फॉर्म त्याच्याकडे बघून भरा.

टीजी सर्टिफिकेट हातात आलं की आधी आधार. आधारवर नाव आयुष्यात दोनदा आणि लिंग एकदाच सहज बदलता येतं, त्यामुळे विचार पूर्ण झाल्यावरच केंद्रात जा. आधारनंतर पॅन. पॅनच्या फॉर्ममध्ये २०१८ पासून ट्रान्सजेंडर हा पर्याय आहे. मग बँक, मग मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, लायसन्स. पगार ज्या खात्यात येतो त्या बँकेत आणि पीएफमध्ये एकाच महिन्यात बदल करा, नाहीतर पैसे अडकतात. काही कार्यालयं नावासाठी राजपत्राची प्रतही मागतात. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद ऑनलाइन अर्जाने होते आणि एकदा करून ठेवलेली बरी पडते.

शिक्षणाच्या कागदांना सगळ्यात जास्त वेळ लागतो. दहावी-बारावीचं काम शाळा किंवा ज्युनिअर कॉलेजमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातं. पदवीचं पुणे विद्यापीठाकडे, किंवा मुक्त विद्यापीठातून शिकला असाल तर गोवर्धनच्या कार्यालयाकडे. मार्कशीट बदलेपर्यंत नोकरीच्या मुलाखतीला जुनी मार्कशीट, टीजी सर्टिफिकेट आणि राजपत्र एकत्र पिन करून न्या. विचारायच्या आत दाखवलं की प्रश्न कमी येतात.

हार्मोन सुरू करण्याआधी

हे काम एंडोक्रायनॉलॉजिस्टचं, म्हणजे थायरॉइड-शुगर बघणाऱ्या हार्मोनच्या डॉक्टरांचं. नाशिकमध्ये ते आहेत, पण सगळेच ट्रान्स पेशंट घेतात असं नाही, म्हणून इथेही फोनवर आधी विचारा. नाशिकमध्ये जमलं नाही तर मुंबईत १९९४ पासून काम करणाऱ्या हमसफर ट्रस्ट या एलजीबीटी लोकांच्या संस्थेकडे चौकशी करता येते. इंटरनेटवरच्या जुन्या याद्यांमध्ये कल्याण आणि पुण्याचं मित्र क्लिनिक हे ट्रान्स लोकांसाठीचं क्लिनिक अजून दिसतं. अमेरिकेचा निधी थांबल्यावर ते २०२५ च्या जानेवारीत बंद झालं. यादीतल्या कुठल्याही पत्त्यावर फोन केल्याशिवाय गाडीत बसू नका.

पहिली गोळी किंवा सुई घेण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: पुढे कधी स्वतःचं मूल हवं वाटेल का? हार्मोनमुळे प्रजननक्षमता घटते आणि ती पूर्ण परत येईलच याची खात्री कुणी देत नाही. वीर्य गोठवून ठेवणं सोपं आणि तुलनेने स्वस्त आहे. अंडी गोठवणं महाग आहे आणि त्यात इंजेक्शनं, सोनोग्राफी असं बरंच असतं. आज उत्तर 'नको' असेल तरी डॉक्टरांशी एकदा बोला, मग ठरवा.

मग रक्त: सीबीसी, लिव्हर, किडनी, शुगर, कोलेस्टेरॉल, हार्मोनची पातळी, आणि डॉक्टर सांगतील ते. बीपीही मोजून घ्या. घरात कुणाला पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का, कमी वयात हार्टअटॅक, स्तनाचा कॅन्सर होता का, हे आईला किंवा मावशीला सहज विचारून ठेवा. सिगारेट, तंबाखू, झोपेच्या गोळ्या, टीबीची किंवा एचआयव्हीची औषधं यातलं काहीही लपवू नका. काही औषधं हार्मोनचा परिणाम कमी-जास्त करतात.

पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एक-दोनदा रक्त तपासायचं. याचे पैसे आधीच बाजूला काढा. औषधाला पैसे असतात आणि तपासणीला नसतात, असं खूपदा होतं आणि धोका तिथेच असतो.

टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांसाठी

टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनने पाळी साधारण पहिल्या सहा महिन्यांत थांबते, आवाज सहा महिने ते वर्षभरात खाली जातो, दाढी मात्र भरायला चार-पाच वर्षं घेते. मुरूम येतात, भूक वाढते, डोक्याचे केस विरळ होऊ शकतात. आवाज आणि दाढी औषध बंद केल्यावर मागे जात नाहीत.

रक्त घट्ट होणं ही यातली मोठी काळजी. रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, बघा. तो ५४ टक्क्यांच्या वर गेला तर डॉक्टरांना लगेच दाखवा. इंजेक्शन घेतल्यावर कितव्या दिवशी रक्त दिलं ते रिपोर्टवर पेनाने लिहून ठेवा, नाहीतर पातळीचा अर्थ लागत नाही. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहत नाही असं मुळीच नाही. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही आणि गर्भाला ते घातक आहे. तशी शक्यता असेल तर वेगळं गर्भनिरोधक वापरा.

बाइंडरबद्दल, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून घालतात त्या घट्ट कपड्याबद्दल, कळकळीने सांगते. दिवसात आठ तासांच्या वर नको, झोपताना कधीच नको, व्यायाम करताना नको. क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी छातीला गुंडाळू नका, बरगड्यांना इजा होते आणि श्वास कोंडतो. नाशिकचा एप्रिल-मे आता चाळीस अंशांपर्यंत जातो. अंबडच्या कंपनीत पत्र्याच्या शेडखाली काम असेल तर त्या महिन्यांत बाइंडर काढून आत जाड सुती बनियन आणि वर सैल गडद शर्ट घाला. छातीखाली घामोळं झालं तर त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत सुट्टी द्या.

इस्ट्रोजन घेणाऱ्यांसाठी

इस्ट्रोजन या स्त्री हार्मोनने त्वचा मऊ होणं आणि छातीत बदल तीन ते सहा महिन्यांत सुरू होतात. पूर्ण वाढ दिसायला दोन-तीन वर्षं लागतात. डोस दुप्पट केल्याने ती लवकर होत नाही, गुठळीचा धोका मात्र वाढतो. आवाज इस्ट्रोजनने बदलत नाही, त्यासाठी स्पीच थेरपिस्टकडे सराव करावा लागतो. दाढीही जात नाही. लेझर काळ्या केसांवर चालतं, त्याला बऱ्याच बैठका लागतात. दाढी रोज करावीच लागणार असेल तर रात्री करा, सकाळी चेहरा शांत दिसतो.

माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्या इस्ट्रोजन म्हणून खाणं बंद करा. आपल्या ट्रान्स समाजात हे सर्रास चालतं, ताई-दीदी प्रेमाने देतात, पण त्यातलं इथिनिल इस्ट्राडिऑल गुठळ्यांसाठी बदनाम आहे. म्हणूनच डॉक्टर त्याऐवजी इस्ट्राडिऑल हे वेगळं इस्ट्रोजन देतात. सिगारेट सुरू असेल तर हा धोका आणखी वाढतो.

सोबत टेस्टोस्टेरॉन दाबणारं औषध असतं. ते स्पायरोनोलॅक्टोन असेल तर लघवी जास्त होते आणि रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. उन्हाळ्यात रोज शहाळं पिण्याची सवय असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. सायप्रोटेरोन असेल तर लिव्हर आणि प्रोलॅक्टिन या हार्मोनवर लक्ष ठेवतात.

मेडिकल आणि लॅब

एकच मेडिकल धरा. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा चिठ्ठी घेऊन जा, मालकाशी बोला आणि औषध मागवून ठेवायला सांगा. संध्याकाळच्या गर्दीत काउंटरवर औषधाचं नाव मोठ्याने ओरडलं जाणं टळतं. महिनाभराचा साठा हाताशी ठेवा. सिंहस्थाच्या पर्वकाळात रस्ते बंद असतात, तेव्हा थोडा जास्तच. तेलातलं टेस्टोस्टेरॉन फ्रिजमध्ये ठेवायची गरज नसते, उन्हापासून लांब कपाटात ठेवा. इंजेक्शन नर्सकडून किंवा शिकून घ्या, आणि सुई नेहमी नवी.

लॅबच्या फॉर्मवरच्या लिंगानुसार कॉम्प्युटर 'नॉर्मल' आकडे छापतो. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याचं हिमोग्लोबिन स्त्रीच्या रकान्यात उगाच जास्त दिसतं. लॅबवाल्याशी वाद घालत बसू नका. रिपोर्ट हार्मोनच्या डॉक्टरांनाच दाखवा, अर्थ तेच लावतील.

घरात आणि बाहेर

मराठीत 'जेवलास का' आणि 'जेवलीस का' यातून सुटका नाही. प्रत्येक वाक्यात घरच्यांना ठरवावं लागतं आणि प्रत्येक वाक्यात ते चुकू शकतात. एकदम सगळ्यांकडून अपेक्षा ठेवू नका. आधी बहीण किंवा वहिनी, मग आई. आई बहुतेक नावापाशी अडते, कारण ते तिने ठेवलेलं असतं. तिला नव्या नावाच्या निवडीत घ्या. मधल्या काळात 'बाळा', 'राजा', 'सोन्या' चालवून घ्या. आजीला काय सांगायचं ते आईला ठरवू द्या.

घरातून हाकलण्याची भाषा झाली तर लक्षात ठेवा, २०१९ च्या कायद्याच्या बाराव्या कलमाने राहत्या घरात राहण्याचा हक्क दिलेला आहे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात विनामूल्य सल्ला मागता येतो, त्यांची हेल्पलाइन १५१००. हिंसा होत असेल तर ११२.

खोली भाड्याने घेताना करार तुमच्या नावाने, लेखी आणि नोंदवलेला करा. कंपनीत एचआरला ईमेलने कळवा, तोंडी नको. कोणत्या तारखेपासून कोणतं नाव, कोणतं टॉयलेट, हजेरीच्या यादीत काय, हे त्यात लिहा. कायद्याने आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं आहे, तो कोण तेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

सर्जरी

सगळ्यांना सर्जरी हवीच असते असं नाही. कुणी हार्मोनवर थांबतं, कुणी फक्त टॉप सर्जरी, म्हणजे छातीची, करतं, आणि ते पुरेसं असतं. करायची असेल तर सर्जनला सरळ विचारा: अशा किती केल्या, गुंतागुंत झाली तर कोण बघणार, दुसरी दुरुस्ती लागली तर खर्च कुणाचा, नाशिकला परतल्यावर टाके कोण काढणार. योनीनिर्मितीनंतर डायलेशन, म्हणजे मार्ग आकसू नये म्हणून आत साधन घालून ठेवणं, वर्षानुवर्षं करावं लागतं. त्यासाठी दार लावता येईल अशी खोली घरात आहे का, हा प्रश्न ऑपरेशनच्या आधीचा आहे. लिंगनिर्मिती अनेक टप्प्यांत होते. तंबाखू, सिगारेट काही आठवडे आधीच बंद करा, नाहीतर जखमा भरत नाहीत. हार्मोन कधी थांबवायचे हे सर्जन सांगतील तसं.

मुंबईत सीएसएमटीजवळच्या जी.टी. रुग्णालयात २०२३ मध्ये तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र वॉर्ड सुरू झाला. नाशिक रोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस थेट तिथे उतरवते, म्हणून चौकशीला आधी एक दिवस तिथे जाऊन येणं परवडतं. २०२२ मध्ये केंद्राने आयुष्मान भारतअंतर्गत टीजी कार्डधारकांसाठी वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच जाहीर केलं. कोणत्या रुग्णालयात, कोणत्या ऑपरेशनला ते लागू होईल हे तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला) ऑपरेशनची तारीख घेण्याआधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

तृतीयपंथी घराण्यांतल्या बहिणींना हात जोडून एक सांगणं. निर्वाण, म्हणजे लिंग काढण्याची परंपरेतली शस्त्रक्रिया, दाईकडून, भूल न देता, करू नका. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीचा मार्ग बंद होणं, यातून जीव गेलेले आहेत. गुरूंचा मान राखून ही गोष्ट रुग्णालयात करता येते.

ताबडतोब कॅज्युअल्टी

एका पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त, चेहरा किंवा हात एका बाजूला लुळा पडणं, अचानक नजर जाणं, डोळे पिवळे होणं. यातलं काहीही झालं तर १०८ बोलवा. दारातच सांगा: 'मी इस्ट्रोजन घेते' किंवा 'टेस्टोस्टेरॉन घेतो'. लाज वाटली तर औषधाची पट्टी किंवा खोकं हातात द्या. फाईलच्या पहिल्या पानामागे औषधांची यादी असेल तर सोबतचा माणूसही सांगू शकतो. कोणत्या वॉर्डात ठेवायचं यावरून वाद झालाच, तर तो उपचार सुरू झाल्यावर.

पुढची वर्षं

शरीरात जे अवयव आहेत त्यांची तपासणी नाव बदललं तरी चालू ठेवावी लागते. गर्भाशयाचं मुख असेल तर पॅप स्मिअर, टॉप सर्जरी झाली नसेल तर स्तनांची तपासणी. इस्ट्रोजनवर बरीच वर्षं झाली असतील तर स्तनांची, आणि वय वाढलं की प्रोस्टेटचीही. दाढी असलेला पुरुष स्त्रीरोगतज्ज्ञाच्या बाकावर बसला की सगळे वळून बघतात, म्हणून अनेक जण वर्षानुवर्षं जात नाहीत. रिसेप्शनवर फोन करून सकाळची पहिली किंवा दुपारची शेवटची वेळ मागा, कारण सांगा, आणि आत आडनावाने बोलवायला सांगा.